प्रयोगशाळेतील शिस्त

घरात कोणी तापाने अंथरुणाला खिळले, की आपण त्याला डॉक्टरांकडे नेतो. डॉक्टर नाडी पाहतात, प्रश्न विचारतात आणि पुष्कळदा एक चिठ्ठी लिहून देतात : 'रक्त तपासून आणा.' तपासणीचा अहवाल हाती आला, की त्यावरून औषध ठरते. रोगी बरा झाला म्हणजे डॉक्टरांचे नाव सर्वांच्या ओठी येते. परंतु तो अहवाल ज्याने तयार केला, त्याचे नाव कोणी विचारीत नाही. तो असतो प्रयोगशाळा-तंत्रज्ञ. मुलांनो, आज आपण त्याच्या कामाची ओळख करून घेऊ.

हिवतापाचेच उदाहरण घ्या. 1880 साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांनी हिवतापाचे परजीवी माणसाच्या रक्तात प्रथम पाहिले. हे परजीवी रक्तातील तांबड्या पेशींच्या आत दडून बसतात. त्यांना हुडकण्यासाठी तंत्रज्ञ रोग्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब काचपट्टीवर घेतो. एक थेंब तो जाडसर पसरतो. दुसरा मात्र दुसऱ्या काचेच्या कडेने असा ओढतो, की पेशींचा एकच पातळ थर राहावा. रक्त वाळले, की त्यावर गिम्सा नावाचा रंग चढवितो. या रंगामुळे परजीवीचा केंद्रभाग तांबडा व भोवतालचा भाग निळा दिसतो. मग हजारपट मोठे दाखविणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली शोध सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी मी एका ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो. तेथील तंत्रज्ञ माझाच जुना विद्यार्थी निघाला. तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचपट्टी हळूहळू सरकवीत होता आणि पुटपुटत मोजीत होता. ऐंशीपर्यंत मोजून झाले, तरी काही आढळले नाही. मी म्हणालो, "अरे, एवढे पाहिलेस आणि काही नाही, मग आता लिहून टाक की 'नाही' म्हणून."

तो नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, 'आहे' हे एक परजीवी दिसला तरी लिहिता येते. 'नाही' लिहायचे, तर निदान शंभर जागा पाहाव्या लागतात."

त्याने शंभर पुरे केले. परजीवी आढळला नाही. तेव्हा कोठे त्याने लेखणी उचलली. शाळेत असताना हाच मुलगा गणिताचा ताळा पाहण्याचा कंटाळा करी. मी मनात म्हटले, याला माझ्यापेक्षा चांगला गुरू भेटला!

हे काम शिकण्यासाठी काय करावे लागते? बारावीपर्यंत विज्ञान शिकल्यावर वैद्यकीय प्रयोगशाळा-तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम घेता येतो. तो बहुधा दोन वर्षांचा असतो. पुढे पदवीही घेता येते. रक्त, लघवी, थुंकी यांची तपासणी, जंतूंची ओळख, रसायने मोजून मिसळणे हे सारे तेथे शिकवितात. 2021 साली संसदेने या व अशा इतर आरोग्यव्यवसायांसाठी स्वतंत्र कायदाही केला.

परंतु पुस्तकी ज्ञानाआधी विद्यार्थ्याला काही साध्या सवयी लावून घ्याव्या लागतात. हात धुणे, उपकरणे स्वच्छ ठेवणे, रोग्याला त्याचे नाव विचारून ते नळीवर तेथल्या तेथे लिहिणे. 1901 साली लँडस्टायनर यांनी माणसाचे रक्तगट शोधून काढले. विजोड गटाचे रक्त दिल्यास रोग्याचे प्राण जाऊ शकतात. आज अनेक तपासण्या यंत्रे करतात. पण नळीवर भलत्याचेच नाव असेल, तर ते यंत्राला कसे कळणार?

लहानशा चुकीने केवढा अनर्थ होतो, याची एक दुःखद हकीकत आहे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत अहोरात्र खपून प्लेगवरील लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस दूरदूर जाऊ लागली. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल या गावी अनेकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पद सोडावे लागले.

मग बारकाईने विचार सुरू झाला. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे साक्षीत पुढे आले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला असालच. 1907 साली रोनाल्ड रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्यांच्यावरील कलंक दूर झाला. 1925 साली परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचेच नाव देण्यात आले. पण मुंबईतील त्यांचे पद त्यांना परत मिळाले नाही. आणि ती 19 माणसे तर गेलीच.

चिमटा पडणे हा काही अपराध नव्हे. तो कोणाच्याही हातून पडेल. तो पडला हे मान्य करून, हातातले काम थांबवून, तो पुन्हा निर्जंतुक करणे यालाच शिस्त म्हणतात. तेथे पाहणारा कोणी नसतो. काचपट्टीवरची शंभरावी जागा पाहिली की नाही, हे तंत्रज्ञाखेरीज कोणालाच ठाऊक नसते. तरीही तो ती पाहतो, म्हणूनच आपण त्याच्या 'नाही' या शब्दावर विश्वास ठेवून रात्री निर्धास्त झोपतो.

शब्दार्थ
अहवाल – तपासणीची लेखी माहिती; परजीवी – दुसऱ्या जीवावर जगणारा जीव; विजोड – न जुळणारा; कलंक – बट्टा, डाग.

स्वाध्याय
1. 'नाही' लिहिण्यास 'आहे' लिहिण्यापेक्षा अधिक वेळ का लागतो?
2. मुलकोवाल येथे कोणती चूक घडली? ती कशी टळली असती?
3. 'याला माझ्यापेक्षा चांगला गुरू भेटला,' असे लेखकास का वाटले?
4. कोणी पाहत नसतानाही तुम्ही नीट केलेल्या एखाद्या कामाविषयी दहा ओळी लिहा.