करड्या रंगातील माणूस : एमी शेराल्ड यांची व्यक्तिचित्रे

व्यक्तिचित्र कोणाचे काढले जाते? युरोप-अमेरिकेच्या कलेचा इतिहास पाहिला तर राजे, सरदार, धनिक आणि त्यांच्या स्त्रिया, असेच उत्तर बहुधा मिळते. कृष्णवर्णीय स्त्री त्या चित्रांत आली ती बहुतेक वेळा दासी म्हणून. एदुआर माने यांच्या १८६३ सालच्या 'ऑलिम्पिया' या प्रसिद्ध चित्रात फुलांचा गुच्छ घेऊन मागे उभी असलेली स्त्री अशीच आहे. चित्राला नाव मात्र पलंगावरील गोऱ्या स्त्रीचे.

मागे उभी असलेली ही स्त्री पुढे येऊन उभी राहिली तर कशी दिसेल? अमेरिकन चित्रकर्ती एमी शेराल्ड यांच्या चित्रांत या प्रश्नाचे उत्तर सापडते.

शेराल्ड यांचा जन्म १९७३ साली जॉर्जिया राज्यातील कोलंबस येथे झाला. शाळेच्या सहलीत तेथील संग्रहालयात बो बार्टलेट यांच्या एका चित्रात त्यांना कृष्णवर्णीय माणूस दिसला. आपल्यासारखा माणूसही चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्या मुलीला प्रथमच कळले. पुढे कलाशिक्षण झाले, पण पोटासाठी वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत त्या हॉटेलात वेट्रेसचे काम करीत होत्या. २०१२ साली त्यांच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली. २०१६ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. चाळिशी ओलांडल्यावर जगाने त्यांना 'नवोदित' म्हटले!

त्यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. त्या साध्या माणसांची निवड करतात, छायाचित्रे घेतात आणि त्यावरून रंगवतात. कपडे व पार्श्वभूमी झळझळीत रंगांची, त्वचा मात्र करडी. कोणी विचारील, यात काळेपण लपवले जात नाही काय? तसे नाही. केस, नाक, ओठ, उभे राहण्याची ढब सारे तेच असते. रंग पाहून माणसाविषयी मत बनवणाऱ्याची सवय मात्र तेथे अडखळते. मग चेहऱ्याकडे पाहावेच लागते, आणि तो चेहराही आपल्याकडे रोखून पाहत असतो.

२०१८ साली त्यांनी काढलेल्या मिशेल ओबामा यांच्या चित्राचे अनावरण झाले, तेव्हा चेहरा हुबेहूब नाही अशी टीका झाली. आम्ही बँकेत फोटो व सही रोज पडताळतो. फोटोवरून ओळख पटते, पण माणूस कळतोच असे नाही. व्यक्तिचित्राचे काम तेथून पुढे सुरू होते.

१३ मार्च २०२० रोजी लुईव्हिल शहरात पोलिसांच्या गोळीबारात ब्रिओना टेलर ही २६ वर्षांची आरोग्य कर्मचारी स्वतःच्या घरात मारली गेली. शेराल्ड यांनी त्याच वर्षी तिचे चित्र काढले. त्यात रक्त नाही, पोलीस नाहीत. हिरवट निळ्या पोशाखात, कमरेवर हात ठेवून ती ताठ उभी आहे. तिच्या प्रियकराला जी अंगठी तिला द्यायची होती, ती तिच्या बोटात आहे. ती कशी मेली हे बातम्यांनी सांगितले. तिला कसे जगायचे होते, हे या चित्राने सांगितले.

मिशेल ओबामांच्या चित्रासमोर २०१८ साली दोन वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी तोंडाचा आ वासून उभी राहिली. तिचे छायाचित्र जगभर गाजले. कोलंबसच्या संग्रहालयात थबकलेल्या मुलीने दुसऱ्या मुलीला दिलेले हे उत्तर होय. भिंतीवर कोणाचे चित्र लागते, ही गोष्ट म्हणूनच क्षुल्लक मानू नये.