हमीची मुदत संपल्यावर

सातारा जिल्ह्यातील औंध ही पूर्वी एका लहानशा संस्थानाची राजधानी होती. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभारला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर त्याआधीच, बेळगावात असताना, तयार केला होता. परंतु शेतकरी त्याला हात लावीनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली!

या समजुतीला आपण हसू नये. वर्षाची शिल्लक एका अनोळखी अवजारात घालावयाची आणि ऐन नांगरणीत ते मोडले तर हंगाम गमवावयाचा, हे संकट लहान नव्हे. शेजाऱ्याच्या रानात नांगर नीट चाललेला पाहिल्यावाचून शेतकरी तो घेण्यास कसा धजावेल?

आता यंत्रासोबत हमीपत्र मिळते. अमुक मुदतीत बिघाड झाल्यास दुरुस्ती फुकट, असे त्यात लिहिलेले असते. समजा, कृष्णाकाठच्या एका शेतकऱ्याचा पंप मुदत संपल्यावर दोन महिन्यांनी बंद पडला. वैशाखाचे ऊन आहे आणि रानात ऊस उभा आहे. हमीपत्राप्रमाणे पाहिले, तर आता कारखान्याकडे काही मागता येत नाही. तरीही पुष्कळ कारखाने असा पंप विनामूल्य दुरुस्त करून देतात. ते का बरे?

प्रथम ते मोडलेला भाग पाहतात. पंपात दगड जाऊन पंखा तुटला असेल, तर खर्च शेतकऱ्याने सोसणे योग्य होय. परंतु कधी कधी दोष जन्मापासूनचा असतो. बिडाचा रस साच्यात ओतताना त्यात वायू अडकला, तर आत पोकळी राहते. वरून पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, यंत्र वर्ष दोन वर्षे चालतेही, आणि मग एके दिवशी तो भाग तडकतो. येथे मुदत संपली खरी, पण चूक ओतशाळेतच झाली होती.

ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला व २०१९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. सदोष मालाने झालेल्या हानीबद्दल उत्पादकास जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे. तथापि, कज्जाच्या भीतीहून बाजाराचा धाक मोठा असतो. बंद पंपाची हकीकत आठवड्याच्या बाजारात गावोगाव पसरते. एका सुट्या भागाची किंमत वाचवून दहा गिऱ्हाइके गमावणे, हा हिशेब कोणता व्यापारी मांडील?

शिवाय तो तडकलेला तुकडा कारखान्याच्याही उपयोगाचा असतो. तो कापून पाहिला, की साचा ओला होता, की रस पुरेसा तापला नव्हता, हे शोधता येते. त्याच दिवशी ओतलेले इतर भाग कोठे गेले, याचाही मग तपास करता येतो.