आपोआप साथ करणारी पेटी : वाद्य की यंत्र?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा हे गाव आहे. तेथील जुनी मंदिरे आणि कोरीव स्तंभ पाहायला लोक लांबून येतात. समजा, या गावातील एका शाळेत स्नेहसंमेलनानिमित्त वाद्यवादनाची स्पर्धा ठेवली आहे. नववीतील एका मुलीने पेटीवर अभंगाची चाल वाजवली, तिच्या धाकट्या भावाने मृदंगाची साथ केली. मृदंग जरा मागेपुढे झाला, पण दोघांनी सांभाळून घेतले. मग दहावीतील एक मुलगा कीबोर्ड घेऊन आला. (कीबोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, आपल्याकडे त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात!) त्याने एक बटन दाबले, डाव्या हाताची तीन बोटे पट्ट्यांवर ठेवली आणि ढोलकी, गिटार, खर्जाचे सूर असा सगळा ताफाच वाजू लागला. उजव्या हाताने त्याने तीच चाल वाजवली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता परीक्षकांपुढे पेच पडला. एक गुरुजी म्हणाले, “हे वाद्यच नव्हे, यंत्र आहे. याला स्पर्धेत घेऊ नका.” दुसरे म्हणाले, “सूर निघतात, ताल निघतो, आणखी काय हवे? पहिला क्रमांक द्या.” प्रश्न केवळ बक्षिसाचा नाही. दुसऱ्या गुरुजींचे ऐकले, तर पुढच्या वर्षी मृदंगवाल्या मुलाला कोण बोलावील? पहिल्यांचे ऐकले, तर ज्या मुलाने उजव्या हाताने चाल बसवायला महिनाभर घाम गाळला, त्याच्यावर अन्याय होईल. तुम्ही परीक्षक असता तर काय केले असते?

उत्तर देण्यापूर्वी त्या मुलीच्या पेटीचीच गोष्ट ऐका. हार्मोनियम आपल्या मातीतली नाही. पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबॅं याने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची पेटी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी प्रचारात आणली. भजनात, कीर्तनात, संगीत नाटकांत ती बघता बघता रुळली. परंतु जाणकारांचा तिच्यावर राग होता. १९४० साली आकाशवाणीने तिला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले. ही बंदी थेट १९७१ पर्यंत टिकली!

रागाचे कारण गणिताने समजते. षड्जाची कंपनसंख्या सेकंदाला २४० माना. कानाला गोड लागणारा शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३०० असतो. पण पेटीत सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार ३०२.४ येतो. गायक ३०० वर आणि पेटी ३०२.४ वर असेल, तर दोन्ही आवाज मिळून सेकंदाला सुमारे अडीच वेळा लहानमोठे होतात. यांना ‘विस्पंद’ म्हणतात. पंचम मात्र बिचारा जवळजवळ बरोबर असतो : ३६० ऐवजी ३५९.६. शिवाय पेटीवर मींड काढता येत नाही, कारण एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या स्वरांच्या मोजमापासाठी फार खटपट केली. ते आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या प्रयत्नांतून श्रुती-हार्मोनियम तयार झाली.

ती घरोघरी पोचली नाही. साधी पेटी मात्र राहिली, आणि गोविंदराव टेंबे, मराठवाड्यातून पुढे आलेले अप्पा जळगावकर, गोव्याचे तुळशीदास बोरकर अशा वादकांनी तिच्यातून असे काही काढून दाखवले, की ‘हे वाद्यच नव्हे’ म्हणणाऱ्यांचा आवाज हळूहळू बसला. पेटीचे दोष तेव्हाही खरे होते, आजही खरेच आहेत. तेव्हा एखाद्या साधनात दोष आहेत, ते परके आहे किंवा नवे आहे, एवढ्यावरून ते वाद्य नाही असे ठरत नाही.

मग ठरते कशावरून? भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत : तारांची ती तत, चामड्याची ती अवनद्ध, टाळ-झांजांसारखी घन आणि फुंकीची सुषिर. कीबोर्ड यांत कोठेच बसत नाही. पण युरोपात झाक्स नावाच्या पंडिताने १९४० मध्ये विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा वेगळा पाचवा वर्ग केला. त्यामुळे जागेची अडचण नाही. मला स्वतःला ‘वाद्य’ हा शब्दच अधिक उपयोगी वाटतो. तो ‘वद्’, म्हणजे बोलणे, या धातूपासून आला आहे. ज्याला बोलते करायचे ते वाद्य. बोलते कोणी करायचे? अर्थात वादकाने. तेव्हा कीबोर्डमधील कोणता भाग वादक बोलता करतो आणि कोणता आपला आपणच बोलतो, हे पाहू.

त्यासाठी आत काय चालते हे समजायला हवे. कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीला एक क्रमांक असतो. १९८३ साली कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या ‘मिडी’ पद्धतीत मधल्या सप्तकाच्या पांढरी एकचा क्रमांक ६०. पुढची काळी ६१, पांढरी दोन ६२, असे चढत जातात. डाव्या हाताने पांढरी एक, तीन आणि पाच दाबल्या, तर यंत्राला ६०, ६४, ६७ हे आकडे मिळतात. प्रत्येकातून ६० वजा करा : ०, ४, ७. यंत्राच्या स्मृतीत एक कोष्टक असते. ०, ४, ७ म्हणजे मेजर कॉर्ड, आपल्या भाषेत सा, शुद्ध ग, प. ०, ३, ७ म्हणजे मायनर, यात गंधार कोमल.

बोटे उलटसुलट ठेवली तर? समजा ६४, ६७ आणि ७२ दाबल्या. प्रत्येकाला १२ ने भागून बाकी घ्या : ४, ७, ०. आता यंत्र प्रत्येक स्वराला आळीपाळीने षड्ज मानून पाहते. ४ ला षड्ज मानले तर ०, ३, ८ येतात, कोष्टकात नाहीत. ७ ला मानले तर ०, ५, ९, तेही नाहीत. ० ला मानले की ०, ४, ७ जुळतात. सापडला षड्ज! हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. तुम्ही वहीवर ६२, ६६, ६९ घेऊन हेच करून पाहा.

साथीचा नमुना आधीच कोणीतरी वाजवून किंवा लिहून ठेवलेला असतो. खर्जाचे सूर ०, ७, ०, ७ असे साठवलेले असतील आणि तुम्ही षड्ज २ वर नेला, तर यंत्र प्रत्येकात २ मिळवते : २, ९, २, ९. म्हणजे साथ ही एक बेरीज आहे. वेळ मोजायला आत घड्याळ असते. मिडीत एका मात्रेचे २४ भाग करतात. मिनिटाला ८० मात्रांची लय असेल तर एक मात्रा पाऊण सेकंदाची, आणि एक भाग बरोबर १/३२ सेकंदाचा. माणसाच्या हाताला एवढा नेमकेपणा जमणार नाही.

आणि नेमकी येथेच गोम आहे. भजनाला बसलेल्या मंडळींची लय कशी चालते ते आठवा. अभंग रंगू लागला की लय चढते. मृदंगवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतो, टाळकऱ्यांचे ऐकत असतो, आणि त्यांच्याबरोबर सरकतो. कधी तोच सगळ्यांना ओढतो. कीबोर्डला कान नाहीत. गाणारे ८० वरून ८४ वर गेले, तर आठ मात्रांचे आवर्तन त्यांना सुमारे ५.७ सेकंदांत पुरे होते. यंत्राला ६ सेकंद लागतात. एकाच आवर्तनात अर्ध्या मात्रेच्या जवळपास फरक पडला! गाणाऱ्यांनाच यंत्रासाठी थांबावे लागते. तालाचेही तसेच. यंत्रातील पुष्कळसे ठेके चार मात्रांचे असतात. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याला ते चालून जातात, पण सात मात्रांच्या रूपकात सम आणि यंत्राचा पहिला ठोका एकदा जुळला की पुन्हा थेट २८ मात्रांनंतर भेटतो.

तुम्ही म्हणाल, मग आपोआप वाजणारे सगळेच टाकाऊ का? तसे नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. आज मोठमोठे गवई तसल्या पेट्या जवळ बाळगतात, कोणी नाक मुरडत नाही. कारण तंबोऱ्याचे कामच मुळी न बदलता एक सूर धरून ठेवण्याचे आहे. तेथे बहिरेपणा खपतो. लय सांभाळणे हे मात्र उत्तर देण्याचे काम आहे.

तयार ठेक्यातून काही नवे घडतच नाही, असेही समजू नका. कॅसिओ कंपनीच्या १९८१ च्या ‘एमटी-४०’ या छोट्या कीबोर्डात हिरोको ओकुदा या तरुण संगीतशिक्षित बाईंनी एक ‘रॉक’ ठेका भरून ठेवला होता. १९८५ मध्ये जमैकातील कलावंतांनी तो उचलला, लय संथ केली, आणि त्यावर त्या देशाच्या संगीताचा एक नवा प्रवाहच सुरू झाला. बटन तेच होते. निवड त्यांची होती.

तेव्हा माझे मत असे. कीबोर्ड हे वाद्य आहे. उजव्या हाताने मुलाने जे वाजवले ते वादन आहे, आणि डाव्या हाताने वेळेवर कॉर्ड बदलली तेही, थोडे का होईना, वादनच. बटनामागचा ताफा हा मात्र कोणा परक्या वादकाचा जुना हात आहे. त्याला या मुलाच्या नावे गुण देणे म्हणजे पाठ्यपुस्तकातला उतारा निबंध म्हणून तपासण्यासारखे होईल. चारठाण्याच्या त्या काल्पनिक परीक्षकांना मी सुचवीन, की स्वतःची चाल एकदा साथ बंद करून वाजवायला सांगा आणि गुण त्यालाच द्या. नंतर तिघांना एकत्र बसवा. मुलगी पेटीवर, भाऊ मृदंगावर, आणि कीबोर्डवाला साथीचे बटन बंद ठेवून बासरीच्या आवाजात. मृदंगवाल्याला घरी पाठवण्याची गरज नाही.

शाळेत कीबोर्ड असेल तर हा प्रयोग करा. वर्गाला पाठ असलेले एखादे भजन आधी नुसत्या टाळ्यांवर म्हणा. एकाने घड्याळ घेऊन पहिल्या आणि शेवटच्या आवर्तनाला किती सेकंद लागले ते लिहावे. लय किती चढली ते भागाकाराने काढा. मग तेच भजन कीबोर्डच्या ठेक्याबरोबर म्हणा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी आकडे सारखे येतील. ते म्हणताना कोणत्या जागी वर्ग ठेक्याच्या पुढे धावू लागला, ती ओळ खुणेने टिपून ठेवा आणि आपल्या गावच्या मृदंगवाल्याला दाखवा. त्या ओळीला तो काय वाजवतो, ते विचारा.