दूरदेशीचे दान आणि त्याचा हिशेब

धडा : २ करिंथ ८ : १६–२१

मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी वर्गणी जमविली, तेव्हा पौलाने ते काम एकट्याच्या हाती ठेवले नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू त्याने जोडून दिला. एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी दोष ठेवू नये, अशी त्याची खबरदारी होती. प्रेषित असूनही तो साक्षीदार मागतो, हे ध्यानी ठेवून पुढील हकीकत वाचावी.

परतवाड्याजवळचे कोठारा वऱ्हाडात पुष्कळांस ठाऊक आहे. तेथील रुग्णालय कुष्ठरोग्यांसाठी झटणाऱ्या ज्या संस्थेचे, तिचा आरंभ १८७४ साली आयर्लंडातील डब्लिन शहरी झाला. वेल्स्ली बेली यांनी हिंदुस्थानात पाहिलेले दुःख तेथे सांगितले, आणि पिम घराण्यातील बहिणींनी वर्षास ३० पौंड जमवून देण्याचे वचन दिले. वचन लहान होते. पण पाळता येईल एवढेच होते.

खरी अडचण पैशाची नव्हे, चित्राची आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'क्रिश्चन हेरल्ड' पत्राने अस्थिपंजर झालेल्या आपल्या लोकांची छायाचित्रे छापून दान मागितले, आणि 'क्विटो' जहाजातून सुमारे ५,००० टन मका मुंबईस आला. त्या मक्याने जीव वाचले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि आपली चित्रे परदेशी घरोघर गेली, हे त्यांतील माणसांस कधी कळले असेल, असे वाटत नाही.

कुष्ठरोगाच्या बाबतीत तर असे चित्र उघड अपाय करते. १९८२ पासून प्रचारात आलेल्या संयुक्त औषधोपचाराने हा रोग बरा होतो, आणि ते औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. बोटे जातात ती बहुधा उपचारास उशीर झाल्यामुळे. आणि उशीर होतो तो लोकलाजेमुळे. मग झडलेली बोटेच दाखवून जो दान मागतो, तो ज्या भयाने रोगी लपून बसतो तेच भय वाढवितो. संस्थेने १९६५ साली आपले जुने नाव बदलले. त्यात माणसाला त्याच्या रोगाच्याच नावाने हाक मारली होती. नव्या नावात माणूस गेला, रोग तेवढा राहिला. आपल्या तोंडचा 'महारोगी' हा शब्दही तशाच जातीचा आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

कायद्याने काही बंधने घातली आहेत. परकीय देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. त्याप्रमाणे अशी देणगी प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठराविक खात्यात उतरते, ती दुसऱ्या संस्थेस देता येत नाही, आणि कारभाराचा खर्च शेकडा २० हून अधिक करता येत नाही. पण कायदा खात्यावर नजर ठेवतो. झोपडीच्या दारात उभ्या असलेल्या छायाचित्रकारावर नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनो, पाहुणे गावी येऊन कोणाचे चित्र काढू लागले, तर तुम्ही मध्ये पडून त्या घरच्यांच्या वतीने विचारावे : हे कोठे छापले जाईल? खाली कोणते शब्द लिहाल? ह्या बाईने नको म्हटले, तर तिचे औषध किंवा धान्य थांबणार नाही ना? शेवटचा प्रश्न तिच्यादेखत, तिच्या बोलीत विचारावा, आणि उत्तरही तिला ऐकू द्यावे. पाहुण्यांस राग आला तरी हरकत नाही.

आणि हिशेब दात्यांकडे इंग्रजीत जातो, तसा तो गावातही मराठीत आला पाहिजे. पोती किती आली, वाहतुकीस काय पडले, कोणत्या वस्तीत किती वाटली, हे उपासनेनंतर मोठ्याने वाचावे. ज्यांना मिळाले नाही त्यांनाही तेव्हा बोलावून बसवावे.