डाळिंब सोलायचं नवं साधन घेतलंस, तर हे ऐक

पोरी, डाळिंबाचे दाणे काढायचं साधन घेतलंस, चांगलं केलंस. नव्या वस्तूला नाक मुरडू नये. पण खाली वाडगं, त्यावर जाळी आणि वर सिलिकॉनचं टोपण, एवढंच ते आहे. फळाची पारख त्याला नाही, ती आपल्याला हवी.

फळ निवडताना नुसत्या लालभडक रंगाला भुलू नकोस. हातात तोलून बघ. आकाराच्या मानानं जड लागलं तर रस भरपूर. दाणे भरत आले की साल आतून ताणली जाते आणि फळाला कंगोरे येतात, म्हणून अगदी गोल गरगरीत दिसणारं बाजूला ठेव. आपल्याकडे बाजारात बहुतेक ‘भगवा’ मिळतो. त्याची साल जाड, दाणे गडद लाल आणि बी मऊ. त्याच्या आधीचा आपला ‘गणेश’ वाण फिकट गुलाबी दाण्यांचा. पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये तो निवडला. भगव्याची साल जाड, तेव्हा साधनावर दाणे पाडताना त्याला ठोके जरा नेटानं द्यावे लागतात.

आता चिरण्याचं. डाळिंब म्हणजे दुमजली घर समज. देठाकडच्या मजल्यावर कप्पे थोडे, मुकुटाकडे जास्त आणि मधे पापुद्र्याचा पडदा. म्हणून या साधनासाठी फळ उभं चिरू नकोस, मधोमध आडवं चीर. दोन्ही मजले उघडतात आणि दाण्यांना खाली पडायला वाट मिळते. सुरी मात्र आरपार घालायची नाही. सालीपुरती गोल फिरव आणि दोन्ही हातांनी पिळून अर्धी सुटी कर, म्हणजे दाणे चिरडत नाहीत.

विळी किंवा लोखंडी सुरी घेऊ नकोस. सालीत टॅनिन असतं, ते लोखंडाला लागलं की काळं पडतं. रंगारी याच गुणावर डाळिंबाच्या सालीनं कापड रंगवतात. तेव्हा सुरी स्टीलची घे आणि अंगावर जुनं काहीतरी घाल. डाग पडलाच तर वाळू देऊ नकोस, लगेच गार पाण्यात धू.

ठोकण्याआधीची पायरी साधनासोबतच्या पत्रकात नसली तरी विसरू नकोस. अर्धं फळ हातात धरून कडा चहूबाजूंनी हलकेच बाहेर ओढ. पापुद्रे सैल होतात. मग चिरलेली बाजू खाली करून जाळीवर ठेव, टोपण घाल आणि चमच्याच्या पाठीनं ठोक. एकाच जागी ठोकत बसू नकोस, सगळीकडून फिरत ये.

खरी परीक्षा अशी घे. सारख्या आकाराची दोन फळं घे. एक साधनानं सोल, दुसरं हातानं. हाताची रीत तुला ठाऊक असावी: मुकुटाची चकती काढायची, कंगोऱ्यांवरून उभ्या चिरा द्यायच्या, फाकी उघडून पातेल्यातल्या पाण्यात दाणे सोडवायचे. दाणे तळाशी बसतात, पापुद्रे वर तरंगतात. मग तीन गोष्टी बघ: वाडग्यात रस किती सांडला, सालीत दाणे किती अडकले आणि जाळी-टोपण धुऊन पुसून ठेवेपर्यंत वेळ किती गेला. पुष्कळ जण धुण्याचा वेळ धरतच नाहीत.

एका फळासाठी हातच बरा. सणाला, पंगतीला दहीभातावर पेरायला पातेलंभर दाणे लागतात, तेव्हा साधन कामी येतं. ज्याचं मनगट दुखत असेल त्यानं मात्र ठोकत बसू नये. पाण्यातली रीत सोसवते.

उरलेले दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेव आणि तीन-चार दिवसांत संपव. अख्खं फळ जास्त टिकतं, म्हणून लागेल तेवढंच सोल.

साधन पसंत पडलं तर ओट्याजवळच ठेव. माळ्यावर गेलेली वस्तू विसरली जाते. नाही पडलं तर ज्या घरात रोज खूप फळं सोलली जातात तिथे देऊन टाक. काहीही ठरलं तरी मुलांना एकदा हातानं सोलायला बसव. फळ आतून कसं असतं ते त्यांना कळलं, की पुढे कुठलंही यंत्र त्यांना नीट वापरता येईल.