भातामागून हरभरा

मुगाचा बेवड ज्वारीस मानवतो, हें केडगांवच्या शेतकऱ्यांस सांगावयास नको. याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यांतील भातखाचरांसही हाच न्याय लागू आहे. भात निघाल्यावर खाचर पडीक ठेवणें म्हणजे जमिनींतील ओल फुकट घालविणें होय. भारी जमिनींत कापणी होतांच, माती भेगाळण्यापूर्वीं, हरभरा पेरावा. बियाण्यास रायझोबियम जिवाणू चोळावा. हे जिवाणू मुळांवर गांठी करून हवेंतील नत्र धरितात व त्याचा कांहीं अंश पुढील भातास मिळतो. पाणी साचणारें खाचर मात्र वगळावें. तेथें मुळें कुजतात.

खरी अडचण मोकाट गुरांची. एकट्याचें हिरवें शेत राखणें कठीण; यास्तव शेजाऱ्यांनीं मिळून सबंध पट्टाच पेरावा व गुरें आवरावीं.