कुठली डिस्क घ्यायची? साइडवाइंडर, मांबा की कटाना

फ्रिस्बी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी फेकली आहे. डिस्क गोल्फ हा तिचाच एक खेळ. बॉलऐवजी डिस्क, भोकाऐवजी साखळ्या लावलेली टोपली, आणि कमीत कमी फेकींत डिस्क त्या टोपलीत टाकायची. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. आपल्या ग्राउंडवर टोपली नाही, पण लांब फेकायची हौस तर भागवता येते! त्यासाठी डिस्टन्स ड्रायव्हर लागतो. तो नेहमीच्या स्पोर्ट्सच्या दुकानात सहसा मिळत नाही, आणि बाहेरून मागवायचा तर रूममधल्या चौघांचा पॉकेटमनी एकत्र करून जेमतेम एकच येतो. म्हणून आधी नीट समजून घेऊ.

प्रत्येक डिस्कला चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की डिस्क वेगात असताना उजवीकडे वळते, तो टर्न. वेग कमी झाल्यावर डावीकडे पडते, तो फेड. डावखुऱ्यांनी उलट समजावं. टर्नचा आकडा जितका उणे, तितकी डिस्क अंडरस्टेबल.

असं का होतं? इथे आपला जायरोस्कोप कामाला येतो (व्हायवात विचारतात तोच!). वेग जास्त असताना हवा डिस्कचं नाक खाली दाबते. पण डिस्क फिरत असल्यामुळे नाक खाली जात नाही, प्रिसेशनमुळे ती उजवीकडे कलते. वेग कमी झाला की तोच मोमेंट उलटा होतो आणि ती डावीकडे कलते.

आता इनोव्हा कंपनीच्या तीन डिस्क पाहू.

साइडवाइंडर: ९, ५, -३, १
मांबा: ११, ६, -५, १
कटाना: १३, ५, -३, ३

साइडवाइंडर आणि कटाना दोन्हींचा टर्न -३. मग जास्त स्पीडची कटानाच घ्यावी, असं कोणालाही वाटेल. खरी मेख इथेच आहे. स्पीड म्हणजे डिस्क किती वेगात जाईल हे नाही, तर हे आकडे खरे ठरायला तिला किती वेग द्यावा लागेल हे. कटानाचा -३ तिला पुरेसा वेग दिला तरच दिसतो. हळू हातातून सुटली तर ती वळतच नाही, सरळ डावीकडे पडते, कारण तिचा फेड ३ आहे. त्याच हाताने साइडवाइंडर जास्त लांब जाते.

आपला वेग मोजणं सोपं आहे. ग्राउंडवर ५ मीटरवर दोन खुणा करा आणि मित्राला बाजूने मोबाइलवर शूट करायला सांगा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत ८ फ्रेम लागल्या तर वेग ताशी साधारण ६७ किमी. चांगल्या व्यावसायिक खेळाडूंची फेक ताशी १०० किमीच्या पुढे जाते. कटाना त्यांच्यासारख्या हातांची.

मग मांबा? तिचा टर्न -५, म्हणजे हळू हातालाही वळते. पण नवी मुंबईत संध्याकाळी वारा खाडी-समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. डिस्कला जमिनीवरचा वेग कळत नाही, हवेतला कळतो. तुमची फेक ६५ ची आणि समोरून वारा २० चा, तर डिस्कसाठी ते ८५ झाले. मांबा लगेच उलटून जमिनीवर लोळेल. पाठीमागून वारा असेल तर मात्र तीच मजेत तरंगेल. पुण्याला हवा किंचित विरळ, तिथे प्रत्येक डिस्क थोडी कमी वळते.

वजनाचंही बघा. २१.२ सेंमी व्यासाच्या डिस्कला नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १७६ ग्रॅम चालतं. पण नवख्या हाताला १५०-१६० ग्रॅमची सोपी जाते, कारण हलकी डिस्क जास्त वळते.

थोडक्यात काय, एकच घ्यायची असेल तर १६० ग्रॅमच्या आसपासची साइडवाइंडर घ्या. फेक ताशी ८०-९० किमीपर्यंत गेली की मग पुढचा विचार करू. आणि हो, ह्या डिस्कची कड फ्रिस्बीपेक्षा बरीच धारदार असते. समोर कोणी क्रिकेट खेळत असेल तर थांबा, ग्राउंड रिकामं झाल्यावरच फेका.